अंग बाहेर येणं, शिंकताना लघवी सुटणं : गर्भपिशवी काढण्याआधी काय काय करता येतं?

खानापुरी_पाऊस
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. भात लावण उरकली की आमच्या बचत गटाची मोठी बैठक असते. यंदा हिशेब संपल्यावर गुडघेदुखीवरून बोलणं निघालं आणि एकीनं धीर करून विचारलं, "मला शिंक आली की लघवी सुटते, अजून कुणाला होतं का असं?" मग बैठक उठेचना.

एकजण बाजारला जाताना गडद रंगाचीच साडी का नेसते, ते त्या दिवशी कळलं. दुसरी शेतात असेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. एका मावशींचं अंग बाहेर येतं. दुपारनंतर गवताचा भारा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं होतं, संध्याकाळी आडव्या पडून हातानं आत सारतात आणि उठून भाकऱ्या थापायला बसतात. नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीचं मात्र उलटंच. तिला सुटत काही नाही, सगळं आवळून धरल्यासारखं, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की वेदना, शौचाला बसलं तरी त्रास.

मावशींना एका दवाखान्यात "पिशवी काढून टाका" एवढंच सांगितलंय. का, दुसरं काही करता येतं का, यावर एक वाक्यही नाही. माझं मत स्पष्ट आहे : बाईचा भोग म्हणून हे सोडून द्यायचं नाही, आणि सरसकट पिशवी काढणं हाही इलाज नाही. जाणकारांनी नीट सांगा. हे नक्की काय असतं, घरी काय करायचं आणि आमच्या भागात दाखवायचं कुठं?

टिळकवाडी_दुसरं_गेट
धागा वाचनखुणेत साठवला. आईला दाखवणार आहे.

फिजिओ_बेळगाव
मी बेळगावात फिजिओथेरपी करते. माझ्याकडं बाळंतपणानंतरच्या बायका जास्त येतात, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

पुढचं जघनाचं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात ती हीच. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात, आणि तिन्हींचे रस्ते तिच्यातूनच बाहेर जातात. ही झोळी सैल पडली की लघवी सुटते, अंग खाली उतरतं, वायू रोखता येत नाही. आवळून बसली की दुखतं, संबंध नकोसे होतात, शौचाला कुंथावं लागतं. तुमच्या बैठकीतल्या मावशी आणि ती नवी सून, दोघींचं दुखणं एकाच जागेचं आहे, पण इलाज एकमेकींच्या उलट.

सैल का पडते? बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू प्रचंड ताणले जातात. कळा देण्यात फार वेळ गेला, चिमटा लावावा लागला किंवा फाटलं तर इजा जास्त. सिझेरियन झालं म्हणजे पूर्ण सुटका असंही नाही, नऊ महिने वजन पेललेलं असतंच. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला काही काळ तरी लघवी सुटण्याचा त्रास होतो. पुढं पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि तिथली त्वचा पातळ पडते. त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन आणि रोजची ओझी.

सुटण्याचेही प्रकार आहेत. खोकलं, हसलं, घागर उचलली की थेंब जातो, तो दाबामुळं. घराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नाही, पाण्याचा आवाज ऐकला की पळावं लागतं, तो मूत्राशयाच्या घाईमुळं. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं. तपासताना पहिल्यांदा लघवीतला जंतुसंसर्ग आणि साखर बघून घ्यावी. कधी कधी मूळ तिथंच निघतं.

फिटनेस_फर्स्ट
एवढं कशाला? यूट्यूबवर केगल एक्सरसाईज, म्हणजे हे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम बघायचे, रोज करायचे, विषय संपला. माझ्या वहिनीला फरक पडला.

चिक्कोडी_गुरुजी
आमच्या आजीची दहा बाळंतपणं झाली. जात्यावर दळायची, आडाचं पाणी शेंदायची. असलं काही दुखणं आम्ही कधी ऐकलं नाही. हल्ली कामं कमी झाली म्हणून स्नायू कमकुवत झालेत असं वाटतं.

येळ्ळूरची_सून
गुरुजी, तुमच्या आजीनं तुम्हांस्नी कशाला सांगावं हो? माझी आज्जी लुगड्याच्या चिंध्यांचा बोळा करून आत बसवायची आणि शेताला जायची. मरायच्या आधी तेवढं आईला सांगून गेली. आईनं मला सांगूपर्यंत माझं लगीन होऊन दोन पोरं झाली. आता बोला.

निपाणीची_लेक
येळ्ळूर, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले काही वेळ.

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. दिवसभर ती धूळ नाकातोंडात. रात्री घरी आली की खोकला सुरू, आणि खोकला आला की दोन्ही पाय एकमेकांवर घट्ट दाबून भिंतीला धरून उभी राहायची. आम्हां पोरांना वाटायचं, आईला खोकताना असंच उभं राहायची सवय आहे. पुढं ऑपरेशन केलं. काही दिवस बरं गेलं आणि पुन्हा खाली उतरलं, कारण वखार सुटली नव्हती आणि खोकलाही. तिथं कुणीही "खोकल्याचं काय?" असं विचारलं नाही. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत, चुलीपुढं धूर खाणाऱ्या आहेत. त्यांच्याबाबत छातीचा इलाज हा याच दुखण्याचा इलाज धरला पाहिजे, असं मला फार वाटतं.

फिजिओ_बेळगाव
@निपाणीची_लेक, शंभर टक्के. खोकला चालू ठेवून खालची डागडुजी टिकत नाही. बद्धकोष्ठाचंही तेच. रोज कुंथणं म्हणजे रोज झोळीवर वरून जोर.

@चिक्कोडी_गुरुजी, कामानं हातपाय बळकट होतात, पण जड ओझं पुन्हा पुन्हा उचलून हे स्नायू बळकट होत नाहीत, त्यांच्यावर दाब येतो. शेतात राबणाऱ्या, चार पोरं झालेल्या बायकांत अंग बाहेर येण्याचं दुखणं भरपूर दिसतं.

@फिटनेस_फर्स्ट, वहिनींना बरं वाटलं याचा आनंद आहे, पण "बघा आणि करा" याला माझा ठाम विरोध आहे. अरनॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, तेव्हा ते नुसतं तोंडी सांगत नव्हते. आत बसवायचं दाबमापक उपकरण वापरून बाई योग्य स्नायू आवळते आहे का, हे बघत होते. तो भाग आपण सोडून दिला. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना थोडक्यात तोंडी समजावून मग तपासलं, तर जेमतेम निम्म्यांना बरोबर जमलं होतं. आणि चौथा हिस्सा बायका अशा पद्धतीनं जोर लावत होत्या की त्रास वाढावा. वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होत्या.

आणि जिची झोळी आधीच आवळून बसलीय तिनं केगल केले तर वेदना वाढतात. म्हणून आधी तपासणी. हातमोजा घालून एका बोटानं बघता येतं की स्नायू सैल आहे, घट्ट आहे, एका बाजूला फाटलाय का.

टिळकवाडी_दुसरं_गेट
योग्य स्नायू कुठला हे घरी कळतं का?

फिजिओ_बेळगाव
अंदाज येतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वायू रोखतो तसं मागचं दार आवळा, आणि त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढचं, आणि दोन्ही आत-वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले हलता कामा नयेत, श्वास चालू राहिला पाहिजे. हातात आरसा धरून बघितलं तर मधली जागा आत जाताना दिसते. बाहेर फुगत असेल तर थांबा आणि दाखवा. लघवी करताना मध्येच धार तोडून व्यायाम करू नये, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

जमलं की काही सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. एका वेळी किमान ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडणाऱ्या बायका मला रोज भेटतात. आणि एक गोष्ट आजपासून करा : शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. भारा उचलतानाही तसंच, आवळून, श्वास सोडत सोडत उचला. श्वास कोंडून उचललं की सगळा दाब खाली जातो.

चिक्कोडी_गुरुजी
मूलबंध हाच प्रकार ना? आणि अश्विनी मुद्रा? आम्ही शाळेत योग शिकवताना मुलांकडून करून घेत होतो.

फिजिओ_बेळगाव
पुष्कळ साम्य आहे गुरुजी, त्याच भागातले स्नायू आवळले जातात. ज्यांना मूलबंध येतो त्यांना मी नवं काही शिकवत नाही, धरणं-सोडणं मोजून देते. फक्त त्यासोबतचं लांबलचक कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणं, या दुखण्यात नको.

अथणी_एक्सप्रेस
पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? बायकोला दुसऱ्या बाळंतपणानंतर घाईचा त्रास सुरू झाला. मिरजेला दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा तीन दिवस वहीत लिहून आणायला सांगितलं : कधी प्याली, किती, कधी गेली, कधी सुटली. वही भरल्यावर आमचं आम्हालाच दिसलं की आमच्या घरात चहाची किटली गॅसवरून उतरतच नाही. चहा कमी केला आणि दर वेळी जाण्याआधी थोडं थोडं थांबायची सवय लावली, अंतर वाढवत नेलं. बरंच जमलंय.

येळ्ळूरची_सून
चहा कमी करा म्हणणं सोपं हो. इथं उंबऱ्यात आलेल्या माणसाबरोबर अर्धा कप घ्यावाच लागतोय.

अथणी_एक्सप्रेस
मग पाव्हणे कमी करा 😄

टिळकवाडी_दुसरं_गेट
पाव्हण्यांना कुंदा द्या, स्वतः नुसत्या बसा. पण पाणी बंद करणं बरोबर की चूक?

फिजिओ_बेळगाव
चूक. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं, घाई वाढते, संसर्ग होतो, बद्धकोष्ठही होतं. रानात जागा नाही म्हणून बायका पाणी सोडतात हे मला माहीत आहे, त्यावर एकट्या बाईनं उपाय काढायचा नाही, मालकानं आणि ग्रामपंचायतीनं काढायचा.

अनामिका_हुक्केरी
खानापुरीताई, तुमच्या गटातल्या नव्या सुनेसारखंच माझं होतं. म्हणून फक्त लिहायला खातं उघडलं.

सगळ्यांनी "सवय होईल" म्हणून सांगितलं. एकीनं नवस सांगितला. नवरा चांगला होता, तो घाबरून लांबच राहायला लागला, आणि घरात मूल कधी हा विषय सुरू. शेवटी कोल्हापूरला एका डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की स्नायू आपोआप आवळले जाताहेत, तू मुद्दाम करत नाहीस. हे ऐकून मी तिथंच रडले. मग पोटानं खोल श्वास घेऊन खाली सैल सोडायला शिकवलं, कोमट पाण्यात बसायला सांगितलं, पुढं स्वतःच्या बोटानं, मग बारीक ते जाड अशा नळ्यांनी हळूहळू. दुखलं की थांबायचं. नवऱ्यालाही आत बोलावून समजावलं, त्याचा सर्वांत उपयोग झाला. त्या मुलीला सांगा, तिचं काही अडलेलं नाही, हे बरं होतं. आणि घाई करू नका तिच्यावर.

खानापुरी_पाऊस
अनामिका, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा वाचून दाखवते. खूप धन्यवाद.

कागवाड_डॉक्टरीण
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मावशींच्या प्रश्नाकडं वळते, तो बाजूला पडलाय.

अंग किती खाली आलंय त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीत, म्हणजे दारापर्यंत किंवा जेमतेम बाहेर, शिकवलेला व्यायाम चार महिने तरी करून बघावा. उतरलेलं अंग पूर्ण वर जाईल असं नाही, पण ओढ आणि जडपणा कमी होतो. पाळी गेलेल्या बाईला इस्ट्रोजेनचं मलम आत लावायला देतात, कोरडेपणा आणि घाई कमी होते. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल तर मात्र डॉक्टरला आधी सांगायचं.

त्यापुढं पेसरी. सिलिकॉनची कडी असते, मापानं बसवतात, अंग वर धरून ठेवते. बसल्यावर कळतही नाही. बाई स्वतः काढून धुऊन घालू शकते, नाहीतर ३ ते ६ महिन्यांनी दवाखान्यात. ज्यांना ऑपरेशन नको, झेपत नाही किंवा पुढं ढकलायचंय त्यांना फार सोयीची. येळ्ळूरच्या आजी चिंध्यांचा बोळा वापरत होत्या तो याच गरजेपोटी, पण त्यातून जखम आणि संसर्ग होतो. सुरक्षित वस्तू आज मिळते. ती बाईला दाखवलीसुद्धा जात नाही याची मला चीड येते.

ऑपरेशन वाईट नाही. अंग पूर्ण बाहेर असेल, घासून जखम होत असेल, लघवी अडत असेल तर करावंच. पण पिशवी उतरते ती आधार गेल्यामुळं. नुसती पिशवी काढली आणि वरचा आधार बांधला नाही तर पुढं योनीचा माथाच खाली येऊ शकतो. आणि पिशवी ठेवून आधार बांधायच्या शस्त्रक्रिया आहेतच. तरुण बायकांसाठी त्या आपल्याच लोकांनी घडवल्या, गोव्यात शिरोड्याला जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांच्या नावानं त्या जगभर ओळखल्या जातात. योनीमार्गे जाळी बसवून अंग वर धरायचं म्हणत असतील तर नीट विचारा. अमेरिकेनं एप्रिल २०१९ मध्ये अशा जाळ्यांची विक्री थांबवली.

मावशींनी हे विचारावं : कुठला भाग उतरलाय, मूत्राशय, पिशवी की मागची भिंत? कितव्या पायरीला? पेसरी बसवून बघता येईल का? काढायचीच तर आधार कसा बांधणार? बीजांडकोष ठेवणार का? जिथं या प्रश्नांचा राग येतो तिथून उठून दुसरीकडं दाखवावं.

लघवी अजिबात होत नसेल, पाळी गेल्यावर रक्त जात असेल, किंवा पायात ताकद कमी होऊन मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली असेल, तर मात्र व्यायाम करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना.

निपाणीची_लेक
आईच्या वेळी पेसरी हा शब्दही कानावर आला नव्हता.

सौंदत्तीची_वाट
माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी कडी बसवली. अंग बाहेर यायला लागल्यापासून त्यांनी यल्लम्माच्या डोंगरावर जाणं सोडलं होतं. बसमध्ये तासन् तास बसायचं, उतरल्यावर जागा शोधायची, नको म्हणायच्या. यंदा पौर्णिमेला गेल्या. पायऱ्या चढून वर गेल्या आणि आम्हालाच खाली ओरडून विचारत होत्या, "येताय का जाऊ पुढं?" कडी दर तीन महिन्यांनी धुऊन आणतो, एकदा पांढरं जास्त गेलं होतं, औषधानं थांबलं.

चिक्कोडी_गुरुजी
बाळंतिणीचं पोट घट्ट बांधायची आपल्याकडं रीत आहे. ती चांगली की वाईट? नात बाळंत व्हायची आहे, म्हणून विचारतो.

फिजिओ_बेळगाव
सैलसर, पाठीला आधार वाटेल इतकं चालतं गुरुजी. करकचून बांधलं की दाब खाली जातो, ते नको. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू खुशाल करा, पण त्यात बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, ताक, भाजी, पाणी भरपूर. टाके दुखत नसतील तर हलकं आवळणं-सोडणं लवकर सुरू करता येतं. पहिले दीड महिने पाण्याच्या घागरी तिला उचलायला लावू नका. नातजावयाला सांगा.

खानापुरी_पाऊस
आता शेवटचा प्रश्न, दाखवायचं कुठं? मावशींना कन्नड येत नाही आणि खर्चाचं भय आहे.

टिळकवाडी_दुसरं_गेट
बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, बिम्स या मेडिकल कॉलेजचं. केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे, त्यांचं फिजिओथेरपी कॉलेजही आहे. आयुष्मान-आरोग्य कर्नाटकचं कार्ड आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, काय बसतं ते तिथल्या टेबलावर विचारा. आशाताईंना घेऊन जा, भाषेचंही काम होईल.

निपाणीची_लेक
आमच्याकडचे लोक कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातात, अथणी-कागवाडकडचे मिरजेला. पण कर्नाटकचं कार्ड तिकडं चालेल का, हे निघायच्या आधी विचारून घ्या.

कागवाड_डॉक्टरीण
आणि बाईबरोबर जाणाऱ्यानं बाहेर थांबायची तयारी ठेवा. सासू किंवा नवरा समोर असताना पुष्कळ बायका "पांढरं जातं" एवढंच सांगतात.

फिजिओ_बेळगाव
खानापुरी, मी तुमच्या गटात यायला तयार आहे, फी नको. सांगाड्याचा मॉडेल आणते, सगळ्यांना हातात घेऊन बघू दे. तपासणी त्या दिवशी नाही, फक्त बोलणं आणि व्यायाम. ज्यांना दाखवायचंय त्यांची नावं आशाताईंकडून घेऊन बेळगावला वेगळी वेळ ठरवू.

खानापुरी_पाऊस
या की! रविवारी दुपारी जमेल, सकाळी सगळ्या कामाला असतात. शाळेची खोली मिळेल, सतरंज्या आहेत. नवी सून बैठकीत परत बोलेल असं वाटत नाही, तिला आधी एकटीला भेटाल का?

फिजिओ_बेळगाव
तासभर लवकर पोचते. तिला तुमच्या घरी बोलावून ठेवा.